माझ्या पोरीचे ओरिजिनल कागद

"तुला तर सवय आहे. तेवढं पुसून घे."

डॉक्टर मला असं म्हणाला. माझं वय एकाहत्तर, त्याचं पंचेचाळीस असेल. त्याच्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एका बाईनं उलटी केली होती. फरशीवर सगळं पसरलं होतं आणि पुसणारी मावशी जेवायला गेली होती. बाकांवर वीसेक माणसं. सगळ्यांनी पाय वर घेतले. डॉक्टर केबिनच्या दारात उभा राहून बोटानं कोपरा दाखवत होता. तिथं पोछा होता, बादली होती.

मी पुसलं.

हे आधीच सांगून टाकतो. मागून सांगायचं म्हटलं तर माझी जीभ वळणार नाही. कोणी मला मारलं नव्हतं. कोणी मानगूट धरली नव्हती. मी पँटचे पाय दुमडले, उकिडवा बसलो आणि पुसलं. कोपरे पण घेतले. फिनाईल टाकून दुसरा हात मारला. हातांनी मला विचारलंसुद्धा नाही. तीस वर्षं हेच केलेले हात ते.

मी सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होतो. भरती झालो तेव्हा बॉय, रिटायर झालो त्या दिवशीही बॉय. शिक्षण चौथी. हे मीच डॉक्टरला पाच मिनिटांपूर्वी केबिनमध्ये सांगितलं होतं. वाटलं, ओळख निघेल. "साहेब, मी पण तुमच्यातलाच, तीस वर्षं दवाखान्यातच गेली." मी हसलो पण होतो बोलताना. त्यानं विचारलं, "आडनाव काय म्हणालास?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली. आमच्या वस्तीतल्या कोणत्याही म्हाताऱ्याला ती मान कळते.

पुसून उठलो, तर समोर माझी पोरगी.

सुजाता. याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर आयसीयूमध्ये स्टाफ नर्स. कोणाची तरी फाईल घेऊन खाली आली होती. तिनं माझ्या हातातलं फडकं पाहिलं. मग माझे दुमडलेले पाय. ती वळली आणि जिना चढून गेली.

डॉक्टर अजून दारातच होता. मी ओल्या हातानंच नमस्कार केला. म्हटलं, "साहेब, पोरीच्या कागदाचं..."

"कागद आत्ता मिळत नाहीत. तीन महिने आधी नोटीस लागते." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आणि शिकून शिकून किती शिकायचं आहे तुम्हा लोकांना? सीट तर तुमची राखीवच असते. सांग तिला, नर्स ती नर्सच. औषध लिहायची हौस असेल तर पुढच्या जन्मी डॉक्टर हो म्हणावं."

बाकावरचे दोघं-तिघं हसले. सुजाताचा नंबर खुल्या यादीत लागला होता. मला तेव्हा ते सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी बोललो नसतो.

कागदाची गोष्ट अशी. आमच्या नागपुरात बऱ्याच खासगी हॉस्पिटलांत ही रीत आहे, बाहेरच्याला ठाऊक नसते. नर्स कामावर लागली की तिच्याकडून ओरिजिनल मागतात. दहावी-बारावीच्या मार्कशीट, नर्सिंगचं प्रमाणपत्र, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. झेरॉक्स नाही, ओरिजिनल. म्हणतात, तपासून परत देतो. ते कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं. पोरगी मग जाणार कुठं? दुसरी नोकरी कागदाशिवाय नाही. पुढचं शिक्षण कागदाशिवाय नाही. दोराशिवाय बांधलेली गाय. सुजाताचे कागद चार वर्षांपासून त्या कपाटात होते. आणि जमा कर म्हणून मीच सांगितलं होतं. ती कचरत होती. मी म्हटलं, "डॉक्टर मोठा माणूस हाय. त्याच्या घरी काय तुह्या मार्कशीटची भाजी करणार हाय का?"

तिच्या शिक्षणात मी असाच आडवा येत गेलो, मदत करतो म्हणून. दहावीनंतर तिला आर्ट्सला मीच घातलं, कॉलेज घराजवळ होतं म्हणून. सायन्स नसलं की नर्सिंगच्या डिग्रीला थेट जाता येत नाही, हे मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मग तिनं तीन वर्षं जीएनएम केलं, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. नोकरी केली. मग पुन्हा दोन वर्षं शिकून डिग्री घेतली. दुसऱ्या पोरी जो रस्ता चार वर्षांत चालल्या, तो तिला मी आठ वर्षांचा करून दिला. आता ती एकतीसची आहे. वस्तीतल्या बाया विचारतात, "लगन कधी वं हिचं?" मी म्हणतो, तिलाच विचारा. तिला विचारायची कोणाची हिंमत नाही.

यावर्षी तिनं फॉर्म भरला. नर्स प्रॅक्टिशनर, आयसीयूचा. दोन वर्षांचा कोर्स. मला शब्द कळला नाही.

"म्हणजे काय वं?" मी विचारलं होतं.

"म्हणजे बाबा, पेशंट आपण तपासायचा. काय बिघडून राहिलं ते आपण ओळखायचं. अन् ठरवून दिलेल्या नियमात औषध आपण सुरू करायचं. डॉक्टरच्या फोनची वाट पाहत नाई बसायचं."

"डॉक्टर करू देतीन?"

"नाई."

असं सरळ म्हणाली आणि कणीक मळत राहिली.

तिच्यापुढे दुसरे रस्ते होते. एमएस्सी करून नर्सिंग कॉलेजात शिकवायचं. रविवारी सुट्टी, नाईट नाही, साडी नेसून जायचं, पोरी "मॅडम" म्हणतात. मला तेच आवडलं होतं. तिच्या मावशीनं आखाती देशाचं काढलं. तिनं दोन्ही नाही म्हटलं. तिच्या इन्चार्ज सिस्टरनं तिला समजावलं होतं, बिचारीनं चांगल्या मनानं. "कोर्स कर गं, पण पोस्ट कुठं आहे? दोन वर्षं घासून बाहेर येशील आणि पुन्हा हाच युनिफॉर्म, हीच ड्युटी." सुजाता घरी येऊन मला हे सांगत होती तेव्हा हसत होती. म्हणाली, "सिस्टर खरं बोलून राहिली बाबा. तरी मले तेच कराचं हाय."

काहून, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

माझी बायको शेवंता याच हॉस्पिटलात गेली. आठ महिने झाले. पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन झालं होतं याच डॉक्टरच्या हातून. पोरगी इथंच कामाला, म्हणून इथंच आणली. तिसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारी बारा-साडेबाराला शेवंताला थंडी वाजली. मग ती धापा टाकू लागली. सुजाता जेवणाच्या सुट्टीत वरून खाली आली, आईच्या मनगटावर बोटं ठेवली, लघवीची पिशवी पाहिली. पिशवीत काही नव्हतं. तिचा चेहरा मी पाहिला. तीस वर्षं मी सिस्टर लोकांचे चेहरे पाहिले आहेत. कोणता चेहरा कशाचा, मला कळतं.

तिनं डॉक्टरला फोन केला. तो कोणाच्या तरी लग्नात होता, मागं बँड वाजत होता. "सलाईन चालू ठेव, येतो." ती म्हणाली, "सर, आयसीयूत घेऊ का?" तो म्हणाला, "मी पाहिल्याशिवाय नाही." दोन वाजता पुन्हा फोन. तीनला पुन्हा. तिला काय करायचं ते माहीत होतं. कोणतं औषध, किती, सगळं. रोज वरच्या मजल्यावर परक्यांच्या आयांना तेच देत होती, कागदावर डॉक्टरची सही असली की. इथं सही नव्हती. ती दरवेळी फाईलमध्ये लिहायची, "डॉक्टरांना कळवले." पुढं वेळ. नर्सला तेवढंच लिहायचा हक्क आहे.

मग ती माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, "बाबा, तुमी लिहून द्या, आपण आईले दुसऱ्या दवाखान्यात नेऊ. आत्ताच."

मी काय म्हणालो ते लिहितो. मी म्हणालो, "डॉक्टरले न विचारता? तो चिडन ना पोरी. तुही नोकरी हाय इथं."

शेवंतानं ऐकलं ते. ती रामटेककडची, धानाच्या बांधीत, भाताच्या शेतात वाढलेली, कशाला न भिणारी बाई. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "अजी, तुमी बसा आपले."

एवढंच. माझ्याशी बोललेलं तिचं शेवटचं वाक्य. त्यात राग होता का दया होती, मी आठ महिने पाहतो आहे. सव्वाचारला ती गेली. डॉक्टर पाचला आला, कपाळावर अक्षता चिकटलेल्या. म्हणाला, "वय झालं होतं." ती चौसष्टची होती. मी त्याला हात जोडले. "साहेब, तुम्ही येवढी धावपळ केली," असं म्हणालो. असं तोंडातून गेलं माझ्या.

तरी पोरगी तिथंच कामाला राहिली. कागद कपाटात होते ना.

त्या बुधवारी, मी फरशी पुसली त्या दिवशी, सुजाता साडेचारला घरी आली. चार दिवसांपूर्वीच ॲडमिशनची यादी लागली होती. तिचं नाव होतं. शनिवारी कॉलेजात ओरिजिनल दाखवायचे होते. तिनं दोन अर्ज दिले, दोन्ही वेळा "पाहू" म्हणाले. म्हणून मी तिला न सांगता गेलो होतो. तिनं आधी बजावलं होतं, "तुमी नोका जाऊ बाबा. तुमी हात जोडान. मले थे नाई पाहिजे." मला वाटलं, पोरीला काय कळतं. डॉक्टर लोकांशी कसं बोलायचं ते मला कळतं.

चहा ठेवला नाही तिनं. युनिफॉर्मची बॅग खाली टाकली.

"काहून पुसलं तुमी?"

"कोणी नव्हतं तिथं. कोणी तरी घसरून पडलं असतं..."

"बाबा."

मी तिची बॅग उचलून खुंटीला लावली.

"आईच्या दिवशी मी तीनदा फोन केला. तुमाले माहीत हाय. तीनदा लिहिलं. थे कागद मी रोज डोळ्यापुढं वाचतो." ती लहानपणापासून पोरासारखी "वाचतो, जातो" बोलते, शेवंता टोकायची. "पण मी बी तेच केलं ना, तुमी केलं ते. तिले उचलून नेलं नाई. सही पाहिजे म्हणून थांबलो. तुमी पोछा मारला, मी 'कळवले' लिहिलं. सारखंच हाय."

मला वाटलं रडेल. रडली नाही. मी रडलो. तिनं मला उगी केलं नाही, हे तिनं बरं केलं. माझ्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कोणी तरी मला माझा गुन्हा सांगितला. बाकी सगळ्यांनी "देवाची मर्जी" सांगितलं होतं, आम्ही देव मानत नाही तरी.

मग मी तिला म्हटलं, "कागद आण कोरा."

अर्ज तिनं लिहिला. मी सांगितलं तसा नाही, तिला हवा तसा. माझे ओरिजिनल कागद बेकायदा ठेवले आहेत, शनिवारपर्यंत द्या, नाही तर तक्रार करते. खाली तिची सही. दोन प्रती. ती म्हणाली, दुसरीवर त्यांचा शिक्का आणि तारीख घ्यायची, त्याला पोच म्हणतात. एकाहत्तर वर्षांत मी शेकडो अर्ज दिले. रजेचे, बदलीचे, पेन्शनचे. एकाचीही पोच मागितली नव्हती. मागायची असते हेच माहीत नव्हतं.

गुरुवारी सकाळी अकराला दोघं गेलो. काउंटरवरची मॅडम म्हणाली, "ठेवून जा." मी म्हटलं, "शिक्का द्या." ती म्हणाली, "असा शिक्का देत नाहीत." मी म्हटलं, "मग मी उभा आहे." ती आत गेली. डॉक्टर बाहेर आला. कालचेच बाक, नवी माणसं.

"काय रे, काल समजावलं ना तुला?"

"मला अरे म्हणू नका."

माझा आवाज बारीक निघाला. मी घसा साफ करून पुन्हा म्हटलं. "अरे म्हणू नका मला. माझ्या पोरीचे कागद तुमच्या कपाटात काहून आहेत?"

"आवाज खाली. पोलीस बोलावू का?"

"बोलवा. त्यांनाही हेच विचारतो." मग मी बाकांकडे तोंड केलं. ठरवून नाही केलं. "माझी बायको इथं मेली. या पोरीनं यांना तीनदा फोन केला. हे लग्नात होते. यांनी आयसीयूत नेऊ दिलं नाही. अन् मी यांना हात जोडले. काल यांनी मला इथली उलटी पुसायला लावली. मी पुसली. आज नाही."

कोणी उठून माझ्या बाजूला आलं नाही. एका बाईनं आपल्या लेकराला जवळ ओढलं, मी वेडा आहे असं वाटून. डॉक्टरचा चेहरा लाल झाला. मॅडमनं पटकन शिक्का मारला आणि प्रत माझ्यापुढे सरकवली. "कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे ते सोमवारी येतील," डॉक्टर शेवटी म्हणाला आणि दार लावून घेतलं.

सोमवार. शनिवारी शेवटची तारीख होती, त्याला माहीत होती. अर्जात लिहिली होती.

शुक्रवारी पोलीस ठाण्यात गेलो. तिथले साहेब म्हणाले, हा तुमचा आपसातला मामला, वकील करा. शनिवारी ती झेरॉक्सचा गठ्ठा आणि ती शिक्क्याची प्रत घेऊन कॉलेजात गेली. क्लार्क वाईट माणूस नव्हता. त्यानं प्रत दोनदा वाचली. म्हणाला, "ताई, मला कळतंय. पण ओरिजिनलशिवाय नाव चढत नाही." पाचपर्यंत आम्ही तिथल्या पायरीवर बसलो, का बसलो माहीत नाही. पाचला खिडकी बंद झाली. सीट दुसऱ्याला गेली.

कागद अकरा दिवसांनी आले. पिवळ्या पाकिटात. सोबत कामावरून कमी केल्याचं पत्र, त्यात लिहिलं होतं, "वर्तन असमाधानकारक". आयसीयूच्या अनुभवाचा दाखला दिला नाही. तो दाखला पुढच्या वर्षीच्या फॉर्मला लागतो. म्हणजे चार वर्षं ती तिथं नव्हतीच. तिनं जगवलेली माणसं शहरात फिरत असतील, पण कागदावर ती तिथं नव्हती.

मी असं सांगणार नाही की आम्ही जिंकलो. मी तोंड उघडलं आणि पोरीचं वर्ष गेलं. हात जोडून राहिलो असतो तर कागद शनिवारपर्यंत मिळाले असते का? नसते मिळाले. पण कधी कधी वाटतं, मिळाले असते. मग मला झोप लागत नाही.

नवीन नोकरी शोधताना सदर भागातल्या एका हॉस्पिटलनं ओरिजिनल मागितले. सुजातानं नाही म्हटलं. त्यांनी तिला नाही म्हटलं. दुसरीकडे तेच. शहराच्या टोकाला, बेस्याकडच्या एका लहानशा हॉस्पिटलनं झेरॉक्सवर घेतलं. चार खाटांचा आयसीयू आहे. तिथं एक वर्ष काढायचं, अनुभवाचा दाखला घ्यायचा आणि पुन्हा फॉर्म भरायचा. पुन्हा परीक्षा. पुन्हा यादी. नंबर लागलाच तर दोन वर्षं. आणि त्यानंतरही ती इन्चार्ज सिस्टर म्हणाली तेच असेल बहुतेक, पोस्ट नाही. सुजाता पस्तिशीला येईल. मी असेन-नसेन. तिला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ड्युटीवरून आली की पुस्तक उघडते.

एक दिवस जेवताना ती म्हणाली, "त्या कपाटात माह्यासोबत अठरा जणींचे कागद होते बाबा. अजून तिथंच हायेत."

मी त्यांची नावं लिहून मागितली. बापांची पण. कोणाचा बाप ऑटो चालवतो, कोणाचा चौकीदार आहे, दोघी-तिघींना बाप नाही, आई आहे. बहुतेक गावाकडचे. पहिला फोन रामटेकच्या पुढच्या एका गावात लावला. धान करतो तो माणूस. ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "भाऊ, तुमचं खरं हाय. पण साहेबाले नाराज करून कसं जमन गा? पोरगी तिथंच कामाले हाय."

माझ्याच तोंडचं वाक्य. त्या रविवारी दुपारी तीन वाजताचं.

उद्या सकाळच्या गाडीनं मी त्याच्या गावी जातो आहे. फोनवर ही गोष्ट होत नाही. त्याच्यासमोर बसून सांगणार आहे की मी तुझ्यासारखाच बोललो आणि बायको घालवली. तो मला हाकलेल. मी परत जाईन. मग ऑटोवाल्याकडे, मग चौकीदाराकडे, मग त्या आयांकडे. कोणी शिव्या देईल, कोणी डॉक्टरला जाऊन सांगेल. सांगू दे.

शेवंता येणार नाही. सुजाताला सीट मिळेल, याची मला आशा नाही. तिला आहे का, मी विचारत नाही. पण त्या कपाटात मी एकाही पोरीचा कागद राहू देणार नाही. मरेपर्यंत हेच काम करीन.